शेफिल्डच्या वस्तऱ्याला धार लावताना

पुण्याच्या जुन्या बाजारात, कुलपं आणि पितळी नळांच्या ढिगात तो सापडला. शिंगाची मूठ, पात्यावर तांबेरा आणि पुसट अक्षरं: वेड अँड बुचर, शेफिल्ड, इंग्लंड. अमेरिकेने १८९०च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून 'इंग्लंड' कोरलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा धरतात.

तांबेरा काढायला दोन रविवार गेले. तेल लावलेला बारीक पॉलिश पेपर पाठीकडून धारेकडे फिरवायचा, उलटा कधीच नाही. पात्यावरचे खड्डे मी तसेच ठेवले. ते घालवायला पोलाद खरवडावं लागतं आणि जुन्या वस्तूला इतकं सोलू नये, असं माझं ठाम मत आहे. फक्त धारेलगत खड्डा नाही ना, हे भिंगाने पाहून घेतलं.

मग दगड: आधी १०००चा, मग ५०००चा, शेवटी १२०००चा; आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक. पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवून, धार पुढे ठेवून सरकवायचं. कोन आपण धरायचाच नाही, पाठीच्या जाडीने तो आपोआप ठरतो. घडवणाऱ्याची ही हुशारी मला फार आवडते. तरी आठवडाभर घासूनही हातावरचा एक केस कापला जाईना.

शेवटी आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या काकांना दाखवला. तेही आता अर्ध्या ब्लेडवरच काम करतात, पण हा हातात घेऊन त्यांनी धारेवर अंगठा हलकेच आडवा फिरवला.

"दाबून घासलंत ना?"

"हो काका."

"पातं दोन्ही बाजूंनी खोलगट, मधे पातळ आहे. दाबलं की वाकतं, मग धार दगडाला लागतच नाही. त्याच्या वजनानेच जाऊ द्या."

घरी येऊन धारेवर मार्करची शाई लावली. दगडावर दोन हात फिरवले, तर टोकाजवळची शाई जशीच्या तशी! तिथेच चुकत होतं. हात हलका केला आणि शाई टोकापर्यंत पुसली गेली. मग चामड्याच्या पट्ट्यावर पन्नासेक हात, इथे मात्र पाठ पुढे.

गरम पाणी, भरपूर फेस, कातडी ताणून धरलेली, पातं साधारण ३० अंशांत. कल्ल्याखाली वस्तरा केसांच्या दिशेने उतरला आणि चरचर असा बारीक आवाज आला. गाल झाले. हनुवटी त्या दिवशी साध्या रेझरनेच केली. पातं कोरडं पुसून तेलाचं बोट फिरवलं आणि वस्तरा मिटून ठेवला.