६७.७४१९ टक्के माणसं

माझ्या सर्व्हेत एकूण ३१ जण होते आणि त्यातले २१ जण एका प्रश्नाला 'हो' म्हणाले. खरं तर एवढीच गोष्ट. पण सॉफ्टवेअरने ६७.७४१९ असा आकडा काढून दिला आणि मी तो जसाच्या तसा उचलून थिसिसच्या टेबलात नेऊन ठेवला, कारण चार दशांश स्थळं दिसली की कसं एकदम संशोधन केल्यासारखं वाटतं. गाईड मॅडमनी पेन्सिलीने त्याभोवती गोल केला आणि शेजारी लिहिलं, "हे ०.७४१९ टक्के कोण?"

आधी मला कळलंच नाही. मग हिशोब केला. ३१ जणांत एक माणूस म्हणजे जवळजवळ सव्वातीन टक्के. म्हणजे एखाद्याने त्या दिवशी मूड नाही म्हणून 'हो'च्या जागी 'नाही'वर टिक केली असती तर आकडा सव्वातीनने खाली आला असता, आणि मी इकडे दशांशानंतरचं चौथं घर सांभाळत बसलेय. सरळ '३१ पैकी २१' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही, फक्त ३१ हा आकडा किती छोटा आहे ते दिसलं असतं :)

तर तेव्हापासून टेबल या प्रकाराकडे मी जरा संशयानेच बघते. त्या ड्राफ्टमध्ये माझी चौदा टेबलं होती आणि त्यातली निदान आठ तरी अशी की मला त्यातून काय म्हणायचंय हे माझं मलाच ठरवता आलं नव्हतं. घरात माळा असतो ना तसं. टाकवत नाही, वापरायचंही नाही, मग चढव वर. वाचणारा बघून घेईल. पण वाचणारा कशाला बघतोय? मी स्वतः दुसऱ्याचा पेपर हातात आला की नाव वाचते, सारांश वाचते आणि थेट चित्रांवर जाते, मधला मजकूर नंतर, जमलं तर. बाकीचेही बहुतेक असंच करत असणार. आणि तरी आपले स्वतःचे ग्राफ मात्र आपण सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता करतो.

मॅडमनी मला एहरेनबर्ग नावाच्या संख्याशास्त्रज्ञाचा १९७७ सालचा एक लेख वाचायला दिला. त्याचं म्हणणं इतकं साधं आहे की आपल्याला आधीच कसं सुचलं नाही याचा राग येतो. आकडे सुरुवातीच्या दोन महत्त्वाच्या अंकांपर्यंतच ठेवा, म्हणजे ६७.७४१९ ऐवजी ६८ लिहा, ज्यांची तुलना करायची ते एकाखाली एक ठेवा, आणि ओळी आकाराच्या क्रमाने लावा. शाळेत आपण वजाबाकी उभीच मांडतो, आडवी मांडून कोण करतं? पण टेबल करताना हे विसरायला होतं. माझ्या ओळी प्रश्नावलीच्या क्रमाने होत्या, म्हणजे प्रश्न १, प्रश्न २ असं, कारण डेटा तसा आला होता. त्या मोठ्याकडून लहानाकडे लावल्या आणि वरचे तीन प्रश्न एकाच विषयाचे निघाले! वर्षभर तोच डेटा उशाशी घेऊन झोपत होते मी, दिसलं नव्हतं.

मग उभ्या रेघा गेल्या. लाटेकमध्ये (ज्यात थिसिस टाईप करून मांडतात त्या सॉफ्टवेअरमध्ये) टेबलांसाठी बुकटॅब्स नावाचं पॅकेज आहे, त्याच्या माहितीपत्रकात पहिलाच नियम असा की उभी रेघ कधी म्हणजे कधीच मारू नका. माझं टेबल तर खिडकीच्या गजांसारखं दिसायचं, आकडे आत कोंडलेले. वर एक, शीर्षकाखाली एक, शेवटी एक अशा तीन आडव्या रेघा पुरतात. युनिट वरच्या शीर्षकात एकदाच लिहायचं, प्रत्येक घरात 'टक्के टक्के' कशाला.

आता कोणी म्हणेल की मग टेबल हवंच कशाला, सगळे ग्राफच काढा. त्या बाजूनेही पुरावा आहे. ॲन्सकोम्ब नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये चार छोटे डेटासेट तयार केले, प्रत्येकात ११ बिंदू. चौघांची एक्सची सरासरी ९, वायची ७.५, सहसंबंध (एक्सबरोबर वाय किती जुळून चालतो ते) साधारण ०.८२, मधून जाणारी रेघसुद्धा तीच. टेबलात हे चौघे जुळे भाऊ. आणि ग्राफ काढला की एक नेहमीसारखा विखुरलेला, दुसरा चक्क कमान, तिसरा सरळ रेषेत पण त्यातला एक बिंदू रुसून वर जाऊन बसलेला, आणि चौथ्यात दहा बिंदू एकावर एक उभे नि अकरावा एकटा लांब, त्या एकट्याच्या जिवावर ती रेघ. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी माझे सगळे सहसंबंध परत प्लॉट केले, भीतीनेच. पण ज्याला नेमका आकडा उचलून स्वतःच्या गणितात वापरायचाय त्याला ग्राफ काय कामाचा, तो पट्टी लावून मोजत बसणार? त्याला टेबलच हवं.

बार चार्टचं मला एक आवडतं. विल्यम प्लेफेअर नावाच्या लेखकाने १७८६ च्या त्याच्या पुस्तकात व्यापाराचे रेघांचे ग्राफ काढले, पण स्कॉटलंडची माहिती त्याच्याकडे एकाच वर्षाची होती, वर्षानुवर्षांची रेघ काढणार कशी, म्हणून त्याने पट्ट्या काढल्या. आणि स्वतःच लिहिलं की हा प्रकार त्या मानाने कमी उपयोगाचा. डेटा कमी पडल्याची लाज आपल्यालाच वाटते असं नाही तर! पाय चार्टही, म्हणजे गोलाच्या फोडी करून दाखवतात तो, त्याचाच, १८०१ चा.

पाय चार्टवरूनच माझं आणि मॅडमचं वाजलं. माझा थ्रीडी होता, तिरका, सावलीसकट. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संशोधकांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं की माणसाला एकाच मोजपट्टीवरची जागा बरीच बरोबर ओळखता येते, कोन आणि क्षेत्रफळ मात्र फसवतात. त्यात थ्रीडी म्हटल्यावर पुढची फोड उगाचच जाडजूड दिसते. मॅडम म्हणाल्या, "बार कर." केला. पण अक्ष ६० पासून सुरू केला, फरक मोठा दिसावा म्हणून. तोही परत आला. बारची उंची हाच त्याचा आकडा असतो, खालून कापला की उरलं काय, रेघेच्या ग्राफला ते एक वेळ चालतं कारण तिथे आपण चढउतार बघतो. एरर बारचीही (आकडा किती मागेपुढे असू शकतो ते दाखवणारी काडी) तीच गत, मी स्टँडर्ड एरर, म्हणजे सरासरी किती हलू शकते ते माप, लावला होता आणि कुठे लिहिलं नव्हतं. ३१ जणांत तो स्टँडर्ड डेव्हिएशनपेक्षा (माणसामाणसांत किती फरक आहे त्या मापापेक्षा) साडेपाच पट छोटा निघतो, दिसायला काय सुबक! आता कॅप्शनमध्ये लिहिते, कुठला बार, किती जण, सगळं. लाल-हिरवा एकत्र वापरत नाही, काहींना ते वेगळे ओळखू येत नाहीत म्हणून, तेही तेव्हाच सुटलं.

एवढं सगळं करून शेवटी ती पाय चार्टची आकृतीच काढून टाकली आणि आकृत्यांचे नंबर हाताने टाईप केलेले असल्यामुळे हातानेच बदलत बसले, पहाटेपर्यंत. आकृती ४ होती ती ३ झाली वगैरे, नऊच्या जागी शेवटी आठच आकृत्या उरल्या. व्हायवा झाला, बाइंडिंग झालं, प्रती जमा केल्या. मग एकदा सहज चाळताना पान ११२ वर माझंच वाक्य दिसलं, "आकृती ९ मध्ये हे अत्यंत स्पष्टपणे दिसते."