अल्झायमरची गोळी चालू असेल तर बाकीच्या गोळ्याही बघा
अल्झायमर म्हटलं की सगळे अमायलॉइडबद्दल, म्हणजे मेंदूत साचणाऱ्या प्रोटीनबद्दल बोलतात, पण अ‍ॅसिटिलकोलिन या मेंदूतल्या रसायनाबद्दल घरच्यांना कुणी फारसं सांगत नाही आणि मला ते खरंच खटकतं. मेंदूच्या तळाशी मायनर्टच्या नावाने ओळखला जाणारा पेशींचा एक पुंजका असतो, तिथून हे रसायन मेंदूच्या बाहेरच्या थरात सगळीकडे पोचतं, लक्ष देणं, नवीन गोष्ट लक्षात राहणं हे बरंचसं त्याच्यावर चालतं, आणि अल्झायमरमध्ये नेमक्या याच पेशी मोठ्या प्रमाणात मरतात. डोनेपेझिल, म्हणजे अल्झायमरची नेहमीची गोळी, त्या पेशी परत आणत नाही हां, ती फक्त अ‍ॅसिटिलकोलिन तोडणारं एन्झाइम अडवते, म्हणजे जे उरलंय ते जरा जास्त वेळ टिकतं. काहींना थोडा फरक पडतो, काहींना नाही, आजार मात्र थांबत नाही.

आता खरा मुद्दा. लघवी कंट्रोल व्हावी म्हणून ऑक्सिब्युटिनिन, सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन, नसांच्या दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलिन, ही सगळी औषधं अ‍ॅसिटिलकोलिनचे रिसेप्टर, म्हणजे पेशींवर ते जिथे जाऊन काम करतं त्या जागा, ब्लॉक करतात. म्हणजे एक गोळी वाढवतेय आणि दुसरी अडवतेय! त्यात डोनेपेझिलनेच कधीकधी लघवी आवरत नाही, मग दुसरे डॉक्टर ऑक्सिब्युटिनिन लिहून देतात, त्याने तोंड कोरडं, पोट साफ नाही, माणूस अचानक गोंधळायला लागतो, आणि घरचे म्हणतात आता वयच झालं.

मनाने काही बंद करू नका प्लीज. पण सगळ्या गोळ्या, मेडिकलमधून अशाच आणलेल्या सर्दीच्यासुद्धा, पिशवीत घालून न्यूरोलॉजिस्टकडे न्या आणि सरळ विचारा, यात अँटीकोलिनर्जिक, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन अडवणारी, कुठली आहे?