यांच्याएवढा नाही

गुरुवार, रात्र

झोप येत नाही. राग आलाय, आणि राग घेऊन झोपू नये असं अण्णा म्हणतात. पण कोणावर आलाय तेच कळेना.

एएच्या, म्हणजे आम्हा दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला आज एक नवा आला. तिशीचा असेल. भावानं फाटकापर्यंत सोडलं आणि गाडी वळवून निघून गेला. तिसरीच्या वर्गातल्या त्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. मी माझं नेहमीचं सांगितलं. बाबांच्या दहाव्याचे पैसे, गुरुजी घाटावर थांबलेले, मी स्टँडमागच्या देशीच्या दुकानात. सांगून सांगून हल्ली आवाजही कापत नाही. नंतर चहाला उभे होतो, तेव्हा तो शेजारच्याला म्हणाला, "पितो मी, पण यांच्याएवढा नाही अजून घसरलो."

हळूच म्हणाला होता.

यात लागण्यासारखं काय आहे? नव्या माणसाचं हे ठरलेलं वाक्य. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पहिल्या आठवड्यात मीही पलीकडच्या खाटेवरच्या गर्दुल्ल्याकडे बघून हेच म्हणालो होतो, मनात. आपण निदान बाटलीवाले. 1986 साली ते केंद्र सुरू झालं तेच गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या साथीमुळे, आणि अकड मात्र आम्हा बाटलीवाल्यांची. तिथल्या 35 दिवसांत ती जिरली अशी माझी समजूत होती.

पण लागलं. जेवलो नाही. ताईनं विचारलं, काय झालं. मग परत विचारलं, आणि या वेळी जरा जास्तच जवळ येऊन. वास घेतला तिनं. घेऊ दे. त्यावर आज लिहीत नाही.

यांच्याएवढा. म्हणजे मी माप झालो. दाजींच्या दुकानाचा गल्ला आता माझ्या हातात असतो, वीजबिल मी भरतो, सोन्याच्या शाळेत पालकसभेला मी जातो. ते कोणाला दिसत नाही. दिसतो तो दहाव्याचा. तो दहावा मीच दर गुरुवारी मांडून बसतो म्हणा, पण कधीतरी कोणी म्हणेल की नाही, यांच्याएवढं सावरायला पाहिजे? नाही म्हणणार. यांच्याएवढा नाही! दहा माणसांसमोर आतडी काढून ठेवायची आणि समोरच्यानं त्याचा काटा बघायचा. पुढच्या गुरुवारी जाऊच नये, असं येताना रस्ताभर घोकत होतो.

आणि गंमत अशी की दहावा हा माझा तळ नव्हताच. तो सांगायला बरा पडतो. ऐकणारा चुकचुकतो, मोकळा होतो. खरा तळ पोवई नाक्यावरचा. सोन्या पाच वर्षांचा होता. रस्ता ओलांडताना माझं बोट धरून म्हणाला, "मामा, तू आतल्या बाजूनं चाल." बस, एवढंच. हे ग्रुपमध्ये कधी सांगितलं नाही, आणि

त्यानंतरही प्यालोच की. कितीतरी महिने. तळाला पाय टेकला की माणूस आपसूक वर येतो म्हणतात. मी तर तिथं भाड्यानं खोली घेऊन राहिलो होतो.

अण्णा 1935 सालची ती गोष्ट सांगतात. बिल, शेअरबाजारातला माणूस, काही महिन्यांपूर्वी दारू सुटलेला. धंद्यासाठी अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रनला गेला, व्यवहार फिसकटला, हॉटेलात समोरच बार. तर हा बाबा पाद्र्यांना फोन करत सुटला, की कोणी दारुडा आहे का ओळखीचा? त्याला सुधारायला नाही, स्वतः वाचायला. सापडले डॉ. बॉब. सर्जन आणि पक्के पिणारे. पंधरा मिनिटं देतो म्हणाले आणि तासन्‌तास बोलत बसले. एवढं होऊनही डॉक्टर पुढं एका परिषदेला गेले ते पिऊनच परतले. त्यांचा शेवटचा पेला 10 जूनचा. त्याच तारखेला एएचा वाढदिवस धरतात.

बिलला फोन करकरून शोधावा लागला. मला चहाच्या किटलीशेजारी आयता मिळाला, आणि मी रुसून घरी आलो.

बरं, तो मला खाली धरूनच पुढच्या गुरुवारी येणार असेल तर येऊ दे. त्या गर्दुल्ल्याच्या जोरावर मीही पहिला आठवडा काढलाच की. तो बिचारा माझ्याकडे बघून काय म्हणत होता कोण जाणे.

हे लिहितोय तोवर फोन. तोच. नंबर अण्णांनी दिलेला.

"काका, झोपलात?"

काका! सकाळपासून घेतली नाही, हात थांबत नाहीत, अंथरूण घामानं भिजलंय म्हणाला. रोज किती, विचारलं. खंबा, अख्खी बाटली. आणि म्हणे यांच्याएवढा नाही. मी कधी खंब्यापर्यंत पोचलो नव्हतो, तेवढंच जरा बरं वाटलं. एकट्यानं झटक्यात बंद करायची नसते, फिट येते, भास होतात, डॉक्टर लागतो, असं सांगून आधी भावाला उठवायला लावलं. भाऊ फोनवर वैतागला, पण गाडी काढतो म्हणाला. सिव्हिलला न्यायचं. जाताना मला कोपऱ्यावरून घेतील.

शर्ट चढवलाय. आता ताईला उठवायचं. मध्यरात्री निघालोय म्हटल्यावर ती पहिल्यांदा काय करणार ते माहीत आहे. तिलाच म्हणावं, तूही चल, वास घ्यायला दुसरा मिळालाय.