तुम्ही विचारलंत म्हणून: मेजावरची भाकर आणि प्याला

"ते खरंच येशूचं शरीर आणि रक्त असतं, असं मानता तुम्ही?"

लग्नाच्या पंगतीत, नाताळच्या फराळाला, बँकेच्या रांगेत, कुठेही हा प्रश्न येतो. तो प्रभुभोजनाबद्दल असतो, म्हणजे येशूने शेवटच्या जेवणात दिली तशी आम्ही उपासनेत वाटतो त्या भाकरीबद्दल आणि प्याल्याबद्दल. त्याच्या मागोमाग दुसरा: "म्हणजे चर्चमध्ये दारू देतात?" आणि कधीकधी, आवाज खाली घेऊन, तिसरा: "आम्ही आलो होतो की उपासनेला. आम्हाला का नाही दिलं?" पहिला कुतूहलाचा, दुसरा टोमण्याचा, तिसरा दुखावलेल्या माणसाचा. इतकी वर्षं उभ्याउभ्या दोन वाक्यांत उत्तरं दिली आणि ती कुणाला पटली नाहीत, मलाही नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

दारूचं आधी. येशूच्या हातातल्या प्याल्यात द्राक्षारस होता, आंबलेला. पॅलेस्टाईनमध्ये द्राक्षं उन्हाळ्याअखेरीस उतरतात आणि वल्हांडण, ज्या यहुदी सणाच्या सुमारास ते जेवण झालं, येतो मार्च-एप्रिलात. इतके महिने ताजा रस टिकवायची भरवशाची, सोपी युक्ती तेव्हा नव्हती. ती १८६९ साली अमेरिकेत टॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने काढली. बाटलीबंद रस गरम करून त्यातलं किण्व मारायचं, एवढंच तिचं मर्म, आणि ती त्याने प्रभुभोजनासाठीच काढली. कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, आजही शुद्ध द्राक्षांची वाइनच लागते, तिच्यात पाण्याचे थेंब घालतात, आणि बहुतेक ठिकाणी लोकांना फक्त भाकर मिळते. आमच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, बहुतेक ठिकाणी न आंबलेला रस असतो. दारूने घरं बसलेली माणसं आमच्याच बाकांवर असतात. सुटलेल्या माणसाच्या ओठाला आम्ही पुन्हा तो वास लावणार नाही. टोमण्याचं उत्तर एवढंच.

आता ते तयार कसं होतं ते सांगतो. कुणी विचारत नाही, पण अर्थाचा निम्मा भाग तिथेच आहे.

हंगामात आपल्याकडे द्राक्षांना तोटा नाही, जालन्याजवळचं कडवंची तर त्यासाठीच ओळखलं जातं. पण थॉमसन जातीच्या हिरव्या द्राक्षांचा रस फिका निघतो आणि मग मागच्या बाकावरून कुजबुज येते. शरद सीडलेससारखी काळी द्राक्षं घ्यावीत. रंग सालीत असतो, गरात नाही. नुसती पिळली तर रस फिकाच येतो. चुरडून सालीसकट मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवली, उकळी फुटू दिली नाही, की रंग उतरतो. किलोला सहाशे-सातशे मिली रस मिळतो. उरलेलं वर्ष मनुकांवर. पाव किलो काळ्या मनुका कोमट पाण्याने दोनदा धुवाव्यात, कारण चिकटू नयेत म्हणून त्यांना कधीकधी तेलाचा हात दिलेला असतो. पिवळ्या नकोत, बऱ्याचदा त्यांना गंधकाची धुरी दिलेली असते आणि तो वास रसात राहतो. लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी दहा-पंधरा मिनिटं उकळून कुस्कराव्यात, मलमलीतून गाळाव्यात. साखर घालू नये. रस गरम असतानाच उकळलेल्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावा, तीन-चार दिवस राहतो. मे महिन्यात बाहेर राहिला तर दुसऱ्या दिवशी फेस धरतो. फेस आला, आंबूस वास आला की टाकून द्यावा. पुन्हा उकळून वापरायची कंजुषी करू नये, चव गेलेली असते.

लहान पेल्यांच्या एका तबकात चाळीस पेले बसतात. पेला काठोकाठ भरायचा नसतो, बाकावरून हातोहात जाताना सांडतो. सहा-सात मिली पुरे. शंभर माणसांना पाऊण लिटर धरावा, वर थोडा जास्त. बारीक तोटीच्या किटलीने भरला तर हात थरथरला तरी चालतं. पेले त्याच दिवशी गरम पाण्यात धुवावेत, नाहीतर मुंग्या लागतात.

भाकरीचं त्याहून अवघड. सोय म्हणून स्लाइस ब्रेड आणतात. कडा काढून एका स्लाइसचे सोळा तुकडे पडतात, सात स्लाइस शंभर माणसांना पुरतात. अगदी ताजा ब्रेड सुरीखाली चुरा होतो, आदल्या दिवशीचा नीट कापला जातो. पण आधीच कापून आणलेल्या तुकड्यांत मोडणं कुठे राहिलं? पाळक हातात एक तुकडा घेऊन मोडल्यासारखं करतात आणि लोक तबकातले आयते चौकोन उचलतात. त्यापेक्षा गव्हाची जाड पोळी बरी. कणीक आणि पाणी, बाकी काही नाही, कणीक घट्ट. लाटून काट्याने टोचे मारावेत, म्हणजे फुगत नाही. फुगली की पापुद्रा सुटतो आणि मोडताना त्याचेच कण उडतात. मंद आचेवर भाजून कपड्यात गुंडाळून ठेवावी. सगळ्यांसमोर मोडली की आवाज न होता तुटते, पण तुटताना दिसते. ते दिसणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

मग ज्वारीची का नाही? मराठवाड्यातला माणूस ज्वारीवर वाढला, तर मेजावर ज्वारीच हवी, असं एके काळी मी हट्टाने मांडायचो. कॅथलिक चर्चचा कायदा स्पष्ट आहे: भाकर गव्हाचीच. आम्हाला तसं बंधन नाही. अडचण आहे ती पिठाची. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही. गरम पाण्याने मळून, थापून केलेली भाकरी ताटात उत्तम, पण दोन तासांनी कोरडी पडते आणि शंभर हातांत तिचा भुगा होतो. ज्या भाकरीबद्दल 'हे माझे शरीर आहे' म्हटलं, ती पायाखाली यावी हे सहन होत नाही. तरी तो जुना हट्ट पूर्ण मेलेला नाही. गव्हाची पोळी ही सणाची आणि पाहुण्याची, भाकरी रोजची. येशूने मेजावर होती तीच घेतली होती.

आता पहिला प्रश्न. शरीर की आठवण?

कॅथलिक शिकवण सांगते की भाकरीचं सत्त्व बदलतं. रंग, चव, वजन तेच राहतं. प्रयोगशाळेत नेलं तर गहूच सापडेल, आणि कोणताही जाणता कॅथलिक याला नाही म्हणणार नाही. बदलाचा हा शब्द १२१५ च्या लॅटरन परिषदेत आला आणि १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने तो पक्का केला. १५२९ च्या ऑक्टोबरात मारबुर्गच्या किल्ल्यात ल्यूथर आणि झ्विंगली, प्रोटेस्टंट सुधारणेचे दोन पुढारी, समोरासमोर बसले. ल्यूथरने मेजावर खडूने 'हे माझे शरीर आहे' असं लिहून ठेवलं. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झालं आणि पंधराव्यात, ख्रिस्ताचं शरीर भाकरीत आहे की नाही, इथे सगळं अडलं. ल्यूथर म्हणे, आहे. झ्विंगली म्हणे, ही खूण आहे, स्मरण आहे. कॅल्विन या पुढच्या सुधारकाने नंतर मधली वाट धरली: भाकर भाकरच राहते, पण पवित्र आत्म्याच्या द्वारे विश्वासणाऱ्याला खरोखर ख्रिस्तच मिळतो. जालन्याची जुनी मंडळी स्कॉटिश मिशनची, म्हणजे कॅल्विनच्या वाटेची. बाकावर बसून घ्यायचं, तबक हातोहात फिरायचं. औरंगाबादची चर्च मिशनरी सोसायटीची, म्हणजे अँग्लिकन. कठड्यापाशी गुडघे टेकायचे. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि हे दोन्ही एका छत्राखाली आले.

'फक्त स्मरण' हे उत्तर मी बरीच वर्षं दिलं. विचारणारा लगेच निश्चिंत होतो, मांसरक्ताची भीती जाते. आता ते उत्तर माझ्या तोंडून निघत नाही. ते का, हे सांगायला मला मारबुर्गला जावं लागत नाही. ते आपल्याकडेच घडलं.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मणाने स्कॉटिश मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत त्याच्या मागोमाग मिशनऱ्यांकडे राहायला गेला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, वय लहान होतं. वडील कोर्टात गेले आणि मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. कायद्याचं काम झालं. पण मुलगा घरी येऊनही घरचा होईना, कारण तो मिशनऱ्यांकडे जेवला होता. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं, असं म्हणत बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तर सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. एका लहान मुलाच्या जेवणावरून मुंबई-पुण्यात रान पेटलं.

या वादात एकानेही विचारलं नाही की त्या अन्नाचं सत्त्व बदललं होतं का. भात भातच होता. पण जेवणारा बदलला, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. वाद एवढाच होता की तो परत बदलता येतो की नाही. कुणाबरोबर जेवलास यावर तू कोण हे ठरतं, हे ज्या समाजाने शेकडो वर्षं शास्त्र म्हणून पाळलं, त्याच समाजातली माणसं मला विचारतात की तुकडाभर भाकरीने काय होतं! तुमच्या पणजोबांना हे समजावून सांगावं लागलं नसतं. त्यांनी ते ओळखलं असतं आणि म्हणूनच मेजापासून लांब पळाले असते.

श्रीपतचा तो थोरला भाऊ पुढे पाळक होऊन निजामाच्या राज्यात जालन्याला आला आणि जवळच त्याने बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. तिथे आलेले बहुतेक मांग आणि महार समाजातले. त्या काळी स्कॉटिश चर्चमध्ये प्रभुभोजनाचा प्याला सामाईक असे, सुटे पेले नव्हते. सामाईक प्याला म्हणजे काय, हे मराठी माणसालाच कळेल. प्रत्येक घोट आधीच्याचा उष्टा. ज्याच्या सावलीचाही विटाळ, त्याच्या ओठाला लागलेला काठ ब्राह्मणाच्या घरात जन्मलेल्या माणसाने आपल्या ओठाला लावायचा, आणि उलटही. एका गावाच्या दोन विहिरी असलेल्या मुलखात हे होणं म्हणजे नुसती आठवण? तिथे जे एक शरीर होत होतं ते मला भाकरीइतकंच खरं वाटतं. प्रेषित पौलानेही बायबलमध्ये तेच लिहिलं: भाकर एक, म्हणून आपण पुष्कळ असून एक शरीर आहोत.

हेही सांगितलं पाहिजे की चर्चमध्ये हे आपोआप झालं नाही. दक्षिणेत तंजावरकडच्या मंडळ्यांत वरच्या जातीचे ख्रिस्ती आधी घेत आणि बाकीचे मागून. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हे बंद करा म्हणून कडक पत्र काढलं, तर कित्येकांनी चर्च सोडलं पण जात सोडली नाही. ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीत तर पहिल्याच शतकात श्रीमंत आधी येऊन खाऊनपिऊन मोकळे होत आणि मजूर, गुलाम काम संपवून येईतो काही उरत नसे. पौलाचा तो संतापलेला अध्याय त्यावरच आहे. त्यातलं 'अयोग्य प्रकारे' खाणं म्हणजे शेजारच्या माणसाला न ओळखता खाणं. आपल्याकडे मात्र त्या दोन शब्दांच्या धाकाने भलतीच माणसं मागे बसतात. रागाच्या भरात भांडलेला बसतो, पाळी आलेली बाई बसते. पाळीचा तिथे काडीचाही संबंध नाही. बायांनो, पुढे या.

सुट्या पेल्यांचं मला म्हणून वाईट वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ते रोगजंतूंच्या भीतीने आले. ती भीती खोटी नव्हती, आणि कोरोनानंतर सामाईक प्याल्याचं नाव कोण काढणार? मीही आग्रह धरत नाही. वर दिलेलं तबकाचं माप मी स्वतःच लोकांना सांगतो. पण ज्या मुलखात चहाच्या टपरीवर काहींची कपबशी वेगळी ठेवत, तिथे मेजावर ज्याचा त्याचा पेला आला, की काहीतरी सुटलं. जिथे चालतं तिथे प्याला एकच ठेवून भाकर त्यात बुडवून देतात. तेही अर्धंच.

राहिला तिसरा प्रश्न. आम्हाला का देत नाही?

नियम असा: बाप्तिस्मा झालेला, आणि आमच्याकडे बहुधा दृढीकरणही, म्हणजे मंडळीसमोर स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधीही, झालेला. हा नियम कुणाला हिणवायला केलेला नाही. इ.स. १५५ च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने लिहिलंय की जो विश्वास ठेवतो, ज्याचा बाप्तिस्मा झाला, जो ख्रिस्ताने सांगितल्यासारखा जगतो, त्यालाच हे द्यायचं. तो घास म्हणजे करार आहे, आणि न वाचलेल्या करारावर पाहुण्याची सही घेणं त्याचाच अपमान. बाप्तिस्म्याचं दार सगळ्यांना उघडं आहे, जात विचारून ते बंद होत नाही. मी हे मनापासून मानतो. पण पंक्तिभेदाविरुद्ध एवढं लिहून झाल्यावर, शेजारणीपुढून तबक तसंच पुढे जातं तेव्हा तिला काय दिसत असेल, हेही मला दिसतं. पाच हजारांना भाकर वाटताना येशूने कुणाला काही विचारलं नव्हतं. शेवटच्या रात्री मात्र मेजावर बाराच होते, आणि त्यांत येशूला धरून देणारा यहूदाही होता. दोन्ही बाजूंना वचनं आहेत आणि मला एक बाजू धरता येत नाही.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत एक रीत आहे. विधीसाठी भाकरीचा मधला भाग काढून घेतात आणि उरलेली आशीर्वादित भाकर उपासनेनंतर देतात, प्रभुभोजन न घेणाऱ्यांनाही. आपल्याकडे हे करायला फार काही लागत नाही. पोळ्या दोन जास्त लाटायच्या, मेजावर न ठेवता वेगळ्या ताटात झाकून ठेवायच्या आणि शेवटच्या आशीर्वादानंतर दारात उभं राहून येईल त्याला मोडून द्यायच्या. लोक प्रसाद समजतील, विधीचं गांभीर्य जाईल, असं म्हणणारे आमच्यात आहेत आणि त्यांची भीती मला समजते. तरी त्या दोन पोळ्या लाटाव्यात, असंच मला वाटतं.