तीस बाय पन्नासचा प्लॉट आणि १८७९ सालचे पुस्तक

गेल्या सप्टेंबरपासून फिलाडेल्फियातील आमच्या वस्तीच्या वाचनालयात दर मंगळवारी संध्याकाळी एका पुस्तकाचा अभ्यासवर्ग भरतो आणि मी त्याला नियमाने जाते. पुस्तक आहे अमेरिकन अर्थचिंतक हेन्री जॉर्ज यांचे 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी', म्हणजे 'प्रगती आणि दारिद्र्य'. वर्गाला फी नाही, परीक्षा नाही. निवृत्त बसचालक, रात्रपाळी करणारी परिचारिका, एक सुतार, दोन विद्यार्थी आणि मी असे आम्ही दहाबारा जण लांब टेबलाभोवती बसतो. वर्ग चालवणाऱ्या बाई व्याख्यान देत नाहीत, प्रश्न विचारतात. त्यांचा एकच नियम आहे: परिच्छेदावर मत द्यायचे असेल, तर लेखकाने त्यात काय म्हटले आहे ते आधी स्वतःच्या शब्दांत सांगायचे आणि ते बरोबर आहे असे इतरांनी मान्य करेपर्यंत मत राखून ठेवायचे. वाणिज्य शाखेची पदवी घेताना मी अर्थशास्त्राची तीन वर्षे पाठांतरावर काढली होती, त्यामुळे या नियमाची सवय व्हायला मला महिना लागला. आज मात्र वाटते की त्या पदवीपेक्षा या टेबलाने मला अधिक शिकवले.

जॉर्ज याच शहरात २ सप्टेंबर १८३९ रोजी जन्मले. चौदा वर्षे पूर्ण होण्याआधीच त्यांची शाळा सुटली आणि सोळाव्या वर्षी ते 'हिंदू' नावाच्या जहाजावर पोऱ्या म्हणून मेलबर्नमार्गे कोलकात्याला पोहोचले. पुढे कॅलिफोर्नियात त्यांनी छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम केले, घरात अन्न नसल्यामुळे रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे पाच डॉलर मागण्याची वेळही त्यांच्यावर आली, आणि पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचे काही खिळे त्यांनी स्वतःच्या हातांनी जुळवले. अशा माणसाने 'उत्पादन वाढते तरी दारिद्र्य का हटत नाही' असे विचारले, तर तो प्रश्न पुस्तकी राहत नाही.

तिसऱ्या भागातील एका शब्दावर आमची एक पूर्ण संध्याकाळ गेली. इंग्रजीत घराचे भाडे आणि जमिनीचा खंड या दोहोंसाठी 'रेंट' हा एकच शब्द आहे, त्यामुळे परिचारिकेला प्रत्येक वाक्यात आपल्या घरमालकाचा हप्ता दिसत होता. घरभाड्यात इमारत बांधण्याच्या श्रमाचा आणि भांडवलाचा मोबदलाही असतो, तर जॉर्ज यांच्या लेखी खंड हा केवळ जागेच्या सरसपणाचा, म्हणजे अधिक सुपीक किंवा अधिक मोक्याची जमीन हाती असण्याचा मोबदला आहे. मालक स्वतः जमीन कसत असला तरी तो उत्पन्न होतच असतो. मी सांगितले की माझ्या भाषेत हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि आमच्या विदर्भात शेत मक्त्याने दिले तर पीक बुडाले तरी ठरलेली रक्कम द्यावी लागते, बटईने दिले तर पिकाची वाटणी होते. तेव्हा बाईंनी फळ्यावर 'खंड' हा शब्द रोमन लिपीत लिहून घेतला आणि त्या दिवसापासून आमच्या वर्गात तोच चालतो.

लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते म्हणून दारिद्र्य येते, या माल्थस यांच्या सिद्धांताचे दुसऱ्या भागात खंडन आहे आणि त्यात हिंदुस्थानवर बरीच पाने आहेत. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनसह दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला होता आणि जॉर्ज त्याच सुमारास लिहीत होते. माणसे फार झाली म्हणून हिंदुस्थान उपाशी मरतो, हे म्हणणे ते साफ नाकारतात. रयतेच्या हाती काही उरू न देणारी वसुली आणि देशाबाहेर जाणारी संपत्ती यांकडे ते बोट दाखवतात आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची साक्ष काढतात. हे पान मोठ्याने वाचण्याची पाळी योगायोगाने माझ्यावर आली. वाचताना माझा आवाज दोनदा अडखळला आणि कुणीही मला घाई केली नाही.

मात्र मला घरापर्यंत घेऊन आला तो चौथ्या भागातील उतारा. अमर्याद गवताळ माळावर पहिला माणूस येतो. कुठेही नांगर टाका, जमीन सारखीच, म्हणून तिला किंमत नाही. दुसरा येतो तो पहिल्याच्या शेजारी राहतो, कारण शेजार हीच तिथली पहिली सोय आहे. मग लोहार येतो, दुकान येते, शाळा येते, आणि अखेर जिथे पहिल्याची झोपडी होती तिथे शहराचा मध्य उभा राहतो. मातीचा कस तोच असतो, तरी पहिला माणूस कोट्यधीश होतो.

डिसेंबरात नागपूरला आले तेव्हा हे पुस्तक सामानात होते. बाबांचा एक प्लॉट मनीषनगरच्या पलीकडे, बेशाच्या वाटेवर आहे. लेआउटमधला, तीस बाय पन्नासचा, १९९१ साली हप्त्यांनी घेतलेला. लहानपणी पावसाळ्यात तो बघायला जाताना काळ्या मातीच्या चिखलात चपला हातात घ्याव्या लागत. या वेळी मी गेले तेव्हा दारापर्यंत सिमेंटचा रस्ता होता, तिन्ही बाजूंना दुमजली घरे होती आणि मधोमध आमचा प्लॉट: सिमेंटचे खांब, गंजलेली तार, कमरेएवढे गाजरगवत आणि 'हा प्लॉट विकणे नाही' अशी पाटी, जिच्यावरच्या मोबाइल क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे उन्हाने पुसले गेले आहेत. चौतीस वर्षांत या जमिनीवर आम्ही एक वीटही रचलेली नाही.

त्या रात्री अंगणात बसून तो उतारा मी बाबांना आणि शेजारच्या काकांना मराठीत सांगत वाचून दाखवला. काकांनी सगळी नोकरी दुय्यम निबंधक कार्यालयात केली. ते लगेच म्हणाले, "मेट्रोचंच घे. एप्रिल २०२२ पासून नागपुरात खरेदीखतावर एक टक्का मेट्रोचा अधिभार लागून राहिला आहे. जो घेतो तो भरतो. जो नुसता धरून बसला, त्याला त्यातलं काय लागतं?" जॉर्ज यांचा सगळा उपाय या एका तक्रारीत आला होता: घरावर, व्यापारावर, मजुरीवर कर नको, समाजामुळे वाढलेल्या जमिनीच्या किमतीवर दरवर्षी कर घ्या, मग जमीन पडीक ठेवणे परवडणार नाही. पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्ग शहराने १९१३ च्या कायद्यानुसार इमारतींवर कमी आणि जमिनीवर अधिक दराने कर घ्यायला सुरुवात केली होती आणि ती पद्धत २००१ पर्यंत चालली, हेही मी सांगितले.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अन् आम्ही पगारातून हप्ते भरले ते?" इथे माझीही जॉर्ज यांच्याशी फारकत होते. सातव्या भागात ते जमीनमालकांना भरपाई देण्याचा प्रश्नच फेटाळतात आणि त्यांचा युक्तिवाद कितीही बांधीव असला, तरी खासगी कंपनीतून पेन्शनशिवाय निवृत्त झालेल्या, कायद्याने सांगितले तसे वागलेल्या माणसाला तो लावायला माझे मन धजत नाही. वर्गात मी हे बोलले होते तेव्हा बसचालकाने शांतपणे विचारले होते की, ज्यांना कधीच प्लॉट घेता आला नाही त्यांची भरपाई कोण मोजणार. त्याला देण्यासारखे उत्तर मला आजही सापडलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरून आल्यावर बाबांनी न विचारताच सांगायला सुरुवात केली. लेआउटमध्ये सगळ्यांत आधी पिठाची गिरणी आली, मग एका डॉक्टरांनी समोर दवाखाना काढला, मग कॉन्व्हेंट, मग २०१९ च्या मार्चमध्ये खापरी ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली. प्रत्येकानंतर प्लॉटचा भाव किती झाला तेही त्यांना तोंडपाठ होते. मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर वर्गासाठी प्रश्न लिहून दिला, आणि सातव्या भागाच्या दिवशी तो मी टेबलावर ठेवणार आहे: "१९९१ साली हेच पैसे मी बँकेत ठेवले असते, तर त्यावरचे व्याज तुमच्या लेखकाने माझे मानले असते. प्लॉटमध्ये ठेवले म्हणून वाढ माझी नाही. मग त्या वाढीतले गिरणीवाल्याचे किती, डॉक्टरांचे किती, आणि ते त्यांच्यापर्यंत कसे पोहोचवायचे?"