त्वेरची आई, वाईची आजी आणि आमचं स्वयंपाकघर

उद्या डब्यात काय असेल, असं आज दुपारी कुणी विचारलं तर आम्हाला सांगता येत नाही. ते ठरतं पहाटे, मार्केट यार्डात भाजी डोळ्यांनी पाहिल्यावर. कोबी घट्ट मिळाला तर श्ची, म्हणजे रशियन घरांतलं रोजचं कोबीचं सूप. नवलकोल कोवळा असला तर त्याची भाजी. शेपू चांगला असला तर तो जिथे जिथे शोभेल तिथे. महिन्याचा मेन्यू छापून द्या, असं खूप जणांनी सुचवलं. आम्ही तो कधी छापला नाही आणि छापणारही नाही.

माझी आई त्वेरची. मॉस्कोच्या वायव्येला, व्होल्गाच्या काठावरचं हे शहर. बाबा वाईचे. ऐंशीच्या दशकात ते मॉस्कोच्या लुमुंबा विद्यापीठात शिकायला गेले, तिथे दोघांची गाठ पडली आणि आई सून होऊन पुण्यात आली. पंधराव्या शतकात चौलला उतरून जुन्नरला राहून गेलेला व्यापारी अफनासी निकितीन हाही त्वेरचाच. नदीकाठी त्याचा मोठा पुतळा आहे. त्यामुळे आईला पुण्याआधी जुन्नर ठाऊक होतं, याचं बाबांच्या मंडळींना फार अप्रूप वाटायचं.

आमच्या ताज्या भाजीच्या हट्टाचं मूळ बाबुश्काच्या, म्हणजे आईच्या आईच्या दाचात (गावाबाहेरच्या बागेतल्या घरात) आहे. सोव्हिएत काळात शहरातल्या कुटुंबांना बागेसाठी गावाबाहेर जमिनीचे तुकडे मिळत, बहुतेक वेळा सहा सोत्का. एक सोत्का म्हणजे १०० चौरस मीटर, आपल्या गुंठ्याएवढाच जवळजवळ. त्या सहा गुंठ्यांत बटाटा, बीट, गाजर, कोबी, काकडी, मुळा आणि शेपू. उन्हाळा तीनच महिन्यांचा. तेवढ्यात पिकवायचं, ताजं खायचं, उरलेलं मिठात मुरवून, वाळवून तळघरात भरायचं. लहानपणी सुट्टीत तिथे गेले की काकडी वेलीवरून काढून थेट पानात यायची. तिला मिठाच्या चिमटीपलीकडे काही लागत नसे.

पुण्यातल्या ओट्यावर आई आणि वाईची आजी शेजारी उभ्या राहायच्या. आजी शेपूला मुगाची डाळ आणि लसणीची फोडणी द्यायची. आई फक्त कोवळे शेंडे चिरून, उकडलेल्या गरम बटाट्यावर लोण्याबरोबर घालायची. "अगं, कच्चाच घालतेस?" असं आजी म्हणाली की आई म्हणायची, "आई, एक घास तर घ्या." पुढे आजी स्वतःच्या बटाट्यावर शेपू मागून घ्यायला लागली. माझ्या मते आमच्या व्यवसायाचा पाया तिथेच पडला. मसाला हवा तिथे भरपूर, आणि भाजीला स्वतःची चव आहे तिथे आपण मध्ये यायचं नाही.

२०२०च्या टाळेबंदीत सोसायटीतल्या एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना आम्ही डबे द्यायला लागलो. त्यांची मुलं परदेशातून फोन करून पैसे विचारायची, आई नको म्हणायची. टाळेबंदी उठली तरी डबे थांबले नाहीत, तेव्हा मात्र हिशेब मांडावा लागला. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी केली. तेव्हा १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला साधी नोंदणी पुरत होती. कर्वेनगरला छोटा गाळा घेतला, मदतीला मावशी आल्या. त्यातल्या एका मावशींचा बोर्श, म्हणजे बीटचं सूप, आता आईपेक्षा चांगला होतो, हे आईच सगळ्यांना सांगते.

बोर्शबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच. हा पदार्थ मूळचा युक्रेनचा. २०२२ मध्ये युनेस्कोने युक्रेनी बोर्शची परंपरा तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घेतली. आमच्याकडे तो आला आईच्या आजीकडून, तिचं माहेर पोल्टावाकडचं. बीट किसून थोड्या तेलावर परतताना सुरुवातीलाच लिंबू पिळायचं, मग टोमॅटो. आंबटपणा असला की बीटचा लाल रंग टिकतो, नाहीतर उकळून उकळून तो विटकरी होतो. बटाटा वेगळा शिजत असतो. कोबी शेवटी, दाताखाली कुरकुरीत लागेल इतपतच शिजवायचा. शेपू आणि लसूण गॅस बंद केल्यावर. वर दह्याची घट्ट साय.

कोबी मिठात मुरवायचं काम आम्ही फक्त डिसेंबर-जानेवारीत करतो. किलोभर चिरलेल्या कोबीला २० ग्रॅम मीठ, हाताने चोळून पाणी सुटेपर्यंत, मग बरणीत दाबून. कोबी पाण्याखालीच राहिला पाहिजे. पुण्याच्या उन्हाळ्यात तो भराभर आंबतो आणि मऊ पडतो, थंडीत सावकाश आणि नीट मुरतो. तो पोटाला चांगला म्हणून लोक वाटीभर मागतात, पण त्यात मीठ बरंच असतं. रक्तदाब असलेल्यांना आम्ही चमचाभरच देतो आणि तसं सांगूनही देतो.

त्वोरोग आम्ही घरीच लावतो. दही भांड्यासकट गरम पाण्यात ठेवायचं, चोथा आणि पाणी वेगळं झालं की मलमलच्या फडक्यात टांगायचं. चक्क्यापेक्षा रवाळ, पनीरपेक्षा मऊ. त्याच्या सिर्निकी, म्हणजे छोट्या जाड टिक्क्या, आई मैद्याऐवजी ज्वारीच्या पिठात घोळवते आणि थोड्या तुपावर भाजते. परदेशी ग्रेच्का, म्हणजे बकव्हीट (कुट्टू), महाग पडते, म्हणून 'काशा' नावाच्या रशियन लापशीसाठी आम्ही ज्वारीच्या कण्या घेतो. आजी त्या ताकात शिजवायची, आई दुधात. डब्यात दोन्ही जातात.

सगळंच सोपं गेलं नाही. घरपोच जेवण देणाऱ्या एका कंपनीशी आम्ही काही काळ जोडलेलो होतो. बाराही महिने तेच पदार्थ, तेच फोटो, असा त्यांचा आग्रह. मे महिन्यात मिळणारं बीट आईला पटेना, आम्ही बाहेर पडलो. ऑर्डरी घटल्या, दोन महिने पगार भागवताना ओढाताण झाली. "हे पथ्याचं जेवण वाटतं," असंही ऐकलं. त्या गिऱ्हाइकांसाठी आम्ही चव बदलली नाही, सोबत आजीच्या पद्धतीचा ठेचा द्यायला लागलो. "रशियन सॅलड" मागणारे अजूनही मेयोनेज मागतात. आमच्याकडे त्याजागी मोहरी फेसून घातलेला चक्का मिळतो, आणि एकदा खाल्ल्यावर कुणी परत केलेला नाही.

आता बीट आणि शेपू जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकरी दादांकडून थेट घेतो. बीट पाल्यासकट पाठवा, अशी आईची अट आहे, कारण कोवळा पाला श्चीत जातो. भाव मार्केट यार्डापेक्षा थोडा जास्त पडतो, तो आम्ही खुशीने देतो. पुढच्या थंडीपासून कोबीही त्यांच्याकडचाच घ्यायचा, असं बोलणं झालं आहे. डबा हवा असेल तर आदल्या रात्री आठपर्यंत कळवा. काय असेल ते सकाळी साडेसातला सांगू, आणि न चालणारं काही असेल तर तेव्हाच बदलून देऊ.