फिश म्हणजे म्हावरा नव्हे

"फिश इज फाइन," एवढे तीन शब्द मला नीट ऐकू आले. त्याआधी त्या बाई काहीतरी भरभर बोलल्या होत्या, त्यातही ‘फिश’ होतंच. मी "यस, यस, फ्रेश फिश" म्हटलं आणि स्वयंपाकघराकडे वळले.

देवबागात, कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर आमचं घर. चार खोल्या पाहुण्यांना देतो. रांधायचं मी आणि सासूबाईंनी. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला १९९७ साली, पण आमच्या दारात परदेशी माणसं यायला लागली ती गोव्यातला मोपाचा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाल्यावर. तेव्हापासून मी इंग्रजी बोलायचा सराव करतेय. कुडाळला कॉलेजात असलेली माझी पुतणी रोज रात्री फोन करते. ती पाहुणी होते, मी घरधनीण. ‘प्राइस’ आणि ‘प्राइझ’ यांतला फरक तिनेच समजावला. पहिल्यात शेवटी स, दुसऱ्यात ‘जरा’मधला ज, ‘जन्म’मधला नव्हे. हे दोन्ही ज आपल्या तोंडात आधीपासून आहेत, हे कळल्यावर मला फार धीर आला.

पण तिची सगळ्यात कडक ताकीद वेगळीच होती. "काकी, समाजला नाय तर ‘यस’ म्हणू नको. त्येंनी काय सांगल्यानी ता तुझ्या शब्दांत परत त्येंका सांगून बघ." यावर ती अडून बसायची. मी नुसतं ‘ओके’ म्हटलं की फोनवर गप्प राहायची, मी परत सांगेपर्यंत.

त्या दिवशी दारातच मला ती शांतता आठवली. मी मागे फिरले. इंग्लंडहून आलेल्या मायलेकी, आई साठीच्या आसपासची.

"सॉरी, वन मिनिट. यू ईट फिश. यू नॉट ईट...?"

"शेलफिश," आई हळू म्हणाली.

शेल म्हणजे शिंपला, हे मला ठाऊक होतं. पाहुण्यांची मुलं पुळणीवरून वेचून आणतात आणि दाखवतात. म्हणजे तिसऱ्या, शिंपल्यातलं म्हावरं, नको म्हणतायत, असं मी धरलं. तिसऱ्या त्या दिवशी केल्याच नव्हत्या. इथे मी दुसऱ्यांदा थांबणार होते. तरी अर्धवट समजल्यासारखं वाटत होतं, म्हणून म्हटलं, "नेम प्लीज. ऑल नेम."

तिने बोटांवर मोजत सांगितलं, प्रॉन्स, क्रॅब, लॉब्स्टर, मसल्स.

प्रॉन्स हा शब्द मी आमच्या पाटीवर स्वतः रंगवलाय. तो ऐकला आणि माझे हातपाय गार पडले.

आपल्याकडे बाजारातून आलेल्या माणसाला "काय म्हावरा गावला?" विचारलं तर तो सुरमई, कोलंबी, कुर्ल्या, तिसऱ्या एका दमात सांगतो. सगळंच म्हावरा. इंग्रजी बोलणारी माणसं ताटात त्याचे दोन वाटे करतात. पंखांचा, काट्यांचा तो फिश. कवचाचा, शिंपल्याचा तो शेलफिश. एक चालणं आणि दुसऱ्याने जीवावर बेतणं एकाच माणसाच्या बाबतीत होऊ शकतं. मालवणच्या डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं की कोलंबी-खेकड्यातलं जे प्रथिन बहुतेकांना बाधतं ते शिजवूनही जात नाही, आणि माशाची बाधा होते ती वेगळ्याच प्रथिनामुळे.

मी त्यांना हाताला धरून आत नेलं. सुरमईच्या तुकड्या दाखवल्या. "धिस?" "येस." सोलकढी, येस. मग वांग्याची भाजी. ही भाजी मी सरावात पन्नासदा ‘व्हेजिटेबल’ म्हणून सांगितलीय आणि माझ्या मनात ती व्हेजिटेबलच होती. आमच्या घरात वांग्यात चिमूटभर सुकट, म्हणजे सुकवलेली बारीक कोलंबी, पडतंच, त्याशिवाय त्याला चव नाही असं सासूबाईंचं म्हणणं. शिवाय बाजूच्या वाटीत जवळ्याची, म्हणजे तसल्याच इवल्याशा सुक्या कोलंबीची किसमूर, ओलं खोबरं घालून कालवलेली.

मी जवळ्याचा डबा उघडला. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हासाठी मे महिन्यात भरून ठेवतो, उरलेला वर्षभर पुरतो. त्या बाई वाकल्या. जवळा सुकला की पांढरट भुशासारखा दिसतो, लांबून कुणालाही कळत नाही. जवळून मात्र प्रत्येकाला दोन डोळे दिसतात, मोहरीहून बारीक, काळे. त्यांनी ते डोळे पाहिले आणि एकदम मागे सरल्या. लेकीने पर्समधून पेनासारखं इंजेक्शन काढून दाखवलं आणि स्वतःच्या मांडीवर टोचल्याची खूण केली. "देन हॉस्पिटल. फास्ट."

आमच्याकडून मालवणचं रुग्णालय गाठायचं तर रस्ता अरुंद, आणि हंगामात गाड्यांची रांग.

"ब्रिंजल नॉट ओके," मी म्हटलं. "स्मॉल प्रॉन इनसाइड. आय मेक न्यू. न्यू ऑइल, न्यू पॅन." या वाक्यांत व्याकरणाच्या किती चुका आहेत ते मला माहीत आहे, पुतणीने रात्री मोजून सांगितल्या. पण त्यांना प्रत्येक शब्द पोचला आणि त्या बाईंनी माझा हात दाबला.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या आधी मानेनात. "इतक्याशा सुकटान काय होतला?" मग इंजेक्शन बघितलं आणि काही न बोलता कढईतलं तेल बाजूला काढलं. सकाळी त्यातच कोलंबी तळली होती. आडाळो, म्हणजे आमची विळी, राखेने घासला, गरम पाण्याने दोनदा धुतला, कारण कोलंबी सोललेली त्यावरच. तवा नवीन काढला. जेवायला अडीच वाजले. मायलेकींनी सुरमई अगदी काट्यापर्यंत खाल्ली.

आता मी हा प्रश्न पुण्याच्या, कोल्हापूरच्या पाहुण्यांनाही विचारते, शुद्ध मराठीत, आणि नावं घेऊन. ‘मासे चालतात ना?’ एवढ्यावर थांबत नाही. 

दुसऱ्या दिवशी त्या वेंगुर्ल्याला निघाल्या. पुढच्या घरी कुणी परत विचारेल याचा भरवसा काय, म्हणून मी वहीचं पान फाडून ठळक अक्षरांत लिहून दिलं. लेकीने ते मला दोनदा वाचायला लावलं, प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारला आणि मग स्वतःच्या शब्दांत तो मलाच परत सांगून दाखवला. कागदावर होतं:

‘यांना कोलंबी, खेकडा, शेवंड, तिसऱ्या, कालवं, सुकट, जवळा यांतलं काहीही देऊ नका. भाजीत, आमटीत, चटणीत चिमूटभरही नको. तेल आणि तवा वेगळा घ्या. मासे चालतात.’